शिसें आणि आपलीं मुलें

(मंडळीच्या सभेंत मोठ्यानें वाचून चर्चा करण्यासाठीं धडा)

शिसें हा धातु खेड्यांतील कोणालाहि अनोळखी नाहीं. कोळ्याच्या जाळ्यास ओवलेले जड मणी शिशाचे असतात. ट्रॅक्टरच्या व इन्व्हर्टरच्या बॅटरींतील पत्रे शिशाचे असतात. बंदुकीची गोळी शिशाची असते. हा धातु जड व मऊ असून ३२७ अंश सेल्सिअस उष्णतेनें वितळतो, म्हणजे घरच्या चुलीवरहि त्याचा रस होतो. तो सहज वळतो, लवकर गंजत नाहीं आणि स्वस्त मिळतो. म्हणून मनुष्यानें हजारों वर्षें त्याला घरांत वागविलें.

परंतु पुष्कळांस ठाऊक नसलेली गोष्ट ही कीं, शिसें मनुष्याच्या शरीरास कोणत्याहि कामाचें नाहीं. लोह रक्तास हवें, कॅल्शियम हाडांस हवें, मीठ सर्व देहास हवें. शिशाचा मात्र एक कणहि नको. तो कण अन्नाबरोबर, पाण्याबरोबर किंवा धुळीबरोबर पोटांत जातो. त्याला वास नाहीं आणि त्यामुळें अन्नाची चव बिघडत नाहीं. म्हणून खाणारास कांहींच कळत नाहीं. ह्या धड्यांत आपण चार गोष्टी क्रमानें पाहूं: ही माहिती मनुष्यास केव्हां झाली, शिसें शरीरांत काय करितें, तें कोणत्या वाटांनीं घरांत येतें, आणि गरिबाच्या घरांतहि करतां येण्याजोगे उपाय कोणते. शेवटीं तशाच आणखी तीन विषांचा थोडक्यांत उल्लेख करूं.

१. माहिती जुनी, जाग उशिरांची

शिसें विषारी आहे हा शोध कालपरवांचा नव्हे. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं विट्रुव्हियस नांवाच्या रोमन स्थापत्यकारानें लिहून ठेविलें कीं, शिशाच्या नळांतून आलेल्या पाण्यापेक्षां मातीच्या नळांतून आलेलें पाणी आरोग्यास बरें. पुरावा म्हणून त्यानें शिशाचें काम करणाऱ्या कारागिरांच्या पांढऱ्याफटक चेहऱ्यांकडे बोट दाखविलें.

पुढें बेंजामिन फ्रँकलिन ह्या अमेरिकन गृहस्थानें १७८६ सालीं एका मित्रास लिहिलेल्या पत्रांत आपल्या तरुणपणची हकीकत दिली आहे. तो १७२४ सालीं लंडन येथें एका छापखान्यांत खिळे जुळविण्याचें काम करीत असे. छपाईचे खिळे शिशाच्या मिश्रणाचे. ओले खिळे विस्तवापुढें ठेवून वाळविण्याची तेथें चाल होती, व थंडींत गरम खिळे हातास बरेहि वाटत. तेव्हां एका वृद्ध कामकऱ्यानें त्यास सावध केलें कीं, असें करशील तर हातांची शक्ति गमावशील. आपल्या दोघां सोबत्यांची तशीच गति होत आली आहे. उपयोगी सत्य ठाऊक झालें तरी लोक त्याप्रमाणें वागूं लागण्यास किती काळ लागतो, ह्याचें फ्रँकलिनला त्या पत्रांत नवल वाटलें आहे.

ते नवल पुढेंहि सरलें नाहीं. १९०४ सालीं ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलँड प्रांतांत डॉक्टर गिब्सन यांनीं दाखवून दिलें कीं, तेथील मुलांना होणारी विषबाधा घराच्या ओटीवरील कठड्यांना दिलेल्या शिशाच्या रंगामुळें होते. रंगाची भुकटी मुलांच्या बोटांना लागे व बोटें तोंडांत जात. असें असतांहि १९२३ सालापासून मोटारींच्या पेट्रोलांत शिसें मिसळून विकूं लागले, आणि जगांतील रस्तोरस्तीं धुरावाटे तें पसरलें. भारतांत असें पेट्रोल २००० सालीं बंद झालें. जगांतील शेवटच्या देशांत, म्हणजे आल्जीरियांत, तें २०२१ सालीं बंद झालें. घरांस लावण्याच्या रंगांत शिसें दहा लक्ष भागांत ९० भागांहून अधिक असूं नये असा नियम भारत सरकारनें २०१६ सालीं केला व १ नोव्हेंबर २०१७ पासून तो अंमलांत आला. अर्थात् त्यापूर्वीं रंगविलेल्या दारांवर, खिडक्यांवर व पाळण्यांवर जुना रंग अद्यापि असूं शकतो.

२. शिसें शरीरांत काय करितें

शिसें शरीरांत चोरासारखें शिरतें, पण पाहुण्याच्या वेषानें. शरीरास तें कॅल्शियमसारखें वाटतें, म्हणून शरीर त्यास आंत घेतें आणि हाडांत व दांतांत सांठवून ठेवितें. तेथें तें वर्षानुवर्षें राहतें. रक्ताचा तांबडेपणा ज्या द्रव्यानें येतो तें तयार होण्याच्या कामांत तें अडथळा आणितें, म्हणून मनुष्य फिकट व अशक्त होतो. मूत्रपिंडांस तें इजा करितें, रक्ताचा दाब वाढवितें, आणि सर्वांत वाईट म्हणजे वाढत्या मेंदूवर घाला घालितें.

लहान मुलांस अधिक धोका कां, ह्याचीं कारणें तीन आहेत. पहिलें, तें जमिनीवर रांगतें व हातीं येईल तें तोंडांत घालितें. दुसरें, तितकेंच शिसें गिळलें असतां मोठ्या माणसापेक्षां मुलाच्या अंगांत तें चार ते पांच पट अधिक मुरतें. तिसरें, मेंदूची बांधणी त्याच वयांत चाललेली असते. ज्या मुलाला पोटभर अन्न मिळत नाहीं, ज्याच्या अंगांत लोह व कॅल्शियम कमी, त्याच्या शरीरांत शिसें आणखी जास्त शिरतें. म्हणजे गरिबाच्या मुलावर दुहेरी संकट येतें. गर्भवती स्त्रीची गोष्टहि तशीच आहे. गर्भाच्या हाडांसाठीं आईच्या हाडांतील कॅल्शियम रक्तांत उतरूं लागतें, तेव्हां तिच्या लहानपणापासून हाडांत दडून बसलेलें शिसेंहि त्याबरोबर उतरून बाळापर्यंत पोंचतें.

प्रमाण पुष्कळ झालें म्हणजे पोटांत कळा येतात, बद्धकोष्ठ होतें, भूक मरते, हिरड्यांवर निळसर रेघ दिसते, मनगटें लुळीं पडतात. मुलांना आंकडी येते, बेशुद्धि येते व मरणहि येतें. परंतु थोडें शिसें बाहेरून कांहींच खूण दाखवीत नाहीं. तें रक्त तपासल्यावांचून कळत नाहीं. एक डेसिलिटर, म्हणजे शंभर मिलिलिटर, रक्तांत ५ मायक्रोग्रॅम शिसें सांपडलें तर तें कोठून आलें ह्याचा शोध घ्यावा, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लक्षावा भाग. अमेरिकेंतील सरकारी आरोग्य खात्यानें तर मुलांसाठीं ही सावधगिरीची रेघ २०२१ सालीं ३.५ पर्यंत खालीं आणिली. ह्याखालीं धोका नाहीं अशी मर्यादा अद्यापि कोणास सांपडलेली नाहीं. युनिसेफ व प्युअर अर्थ ह्या संस्थांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें जगांतील सुमारें ८० कोटि मुलांच्या रक्तांत शिशाचें प्रमाण ५ किंवा त्याहून अधिक आहे. त्यांपैकीं सुमारें २७ कोटि ५० लक्ष मुलें एकट्या भारतांतलीं आहेत.

येथें शाळाशिक्षकांस व उपदेशकांस विशेष विनंती आहे. वर्गांत एखादें मूल असें असतें कीं, त्यास पाढे पाठ होत नाहींत, एका जागीं बसवत नाहीं, ऐकलेलें लगेच विसरतें, क्षुल्लक कारणानें चिडतें. आपण त्यास मठ्ठ म्हणतों, हट्टी म्हणतों, वेळीं छडीहि उगारतों. अशा प्रत्येक मुलास शिसेंच बाधलें आहे असें नव्हे. भूक, जंत, कमी ऐकूं येणें, घरचें दुःख अशीं दुसरीं पुष्कळ कारणें असतात. तथापि त्या मुलाचा बाप बॅटऱ्या फोडीत असेल, किंवा त्याच्या घरीं जुना रंग पडत असेल, तर दोष त्या मुलाच्या स्वभावाचा न मानतां आधीं त्याच्या घराकडे पाहावें. विषानें दुबळ्या केलेल्या मुलाला आळशी म्हणून मारणें हा अन्याय आहे. तसेंच आंकडी आलेल्या मुलास बाहेरची बाधा झाली असें समजून देवऋष्याकडे नेण्यांत जो वेळ जातो, तो त्याच्या प्राणावर बेततो.

३. दोन गांवांची हकीकत

आफ्रिकेंतील सेनेगल देशांत डाकार शहरालगत थियारोय-सुर-मेर नांवाची वस्ती आहे. तेथें जुन्या बॅटऱ्या फोडून शिसें काढण्याचा धंदा चाले. शिशाचा भाव वाढला तेव्हां लोकांनीं जुन्या फोडणीच्या जागेवरील माती पोत्यांत भरून घरीं आणिली व अंगणांत चाळून शिशाचे तुकडे वेंचले. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ ह्या पांच महिन्यांत तेथील १८ लहान मुलें दगावलीं. त्यांचीं भावंडें व आया यांचें रक्त तपासलें तों सर्वांच्या अंगीं शिसें आढळलें.

दुसरी हकीकत नायजेरिया देशाच्या झम्फारा प्रांतांतील आहे. सोन्याचा भाव चढला म्हणून शेतकरी कुटुंबें दगडांतून सोनें काढूं लागलीं. त्या दगडांत शिसेंहि पुष्कळ होतें हें त्यांस ठाऊक नव्हतें. धान्य दळण्याच्या चक्क्यांतच तीं दगड दळीत, अंगणांत ती भुकटी वाळवीत, आणि तेथेंच मुलें खेळत. २०१० सालच्या आरंभीं डरेटा, यारगाल्मा इत्यादि गांवांत मुलें आंकड्या येऊन मरूं लागलीं. गांवकऱ्यांस तो हिंवताप वाटला. परदेशांतून आलेल्या डॉक्टरांनीं रक्त तपासून घेतलें तेव्हां खरें कारण कळलें. तोंपर्यंत व पुढील कांहीं महिन्यांत सुमारें ४०० मुलें गेलीं. नंतर अंगणांतील विषारी माती खणून काढून तेथें स्वच्छ माती घातली, दगड दळण्याचें काम वस्तीबाहेर नेलें, आणि मुलांस औषध दिलें. हें उपचाराचें काम २०२२ पर्यंत चाललें.

ह्या आईबापांचें आपल्या मुलांवर प्रेम कमी होतें काय? मुळींच नाहीं. पोटासाठीं ते कष्ट करीत होते. त्यांना माहिती नव्हती, एवढाच त्यांच्यांत व वांचलेल्यांत फरक. दुसरीहि एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. धंदा बंद करा असें नुसतें सांगून तें संकट टळलें नसतें, कारण उपाशी मनुष्य तो धंदा लपून करील. काम घरापासून दूर नेलें आणि अंगण स्वच्छ केलें, तेव्हां मुलें वांचूं लागलीं.

४. शिसें कोणत्या वाटांनीं घरांत येतें

(अ) बॅटरी. घरीं किंवा गल्लींत बॅटरी फोडणें व शिसें वितळविणें ही सर्वांत भयंकर वाट होय. मजुराच्या कपड्यांवरून, केसांवरून व चपलांवरून ती धूळ घरांतील अंथरुणापर्यंत जाते. जाळ्याचे मणी ओतण्यासाठीं स्वयंपाकाच्या चुलीवर शिसें वितळविणाऱ्या कोळी बांधवांनींहि हें ध्यानांत ठेवावें.

(आ) रंग. जुन्या रंगाचे पोपडे मुलें तोंडांत घालितात. नवा रंग देण्यापूर्वीं जुना रंग सुका घासून काढितात, तेव्हां तर घरभर विषारी धूळ होते.

(इ) हळद. बांगलादेशांत हळकुंडांस झळाळी यावी म्हणून शिशाचा पिंवळा रंग चोळीत असत. संशोधकांनीं ही गोष्ट २०१९ सालीं उघडकीस आणिली. तेव्हां बाजारांतील शेंकडा ४७ नमुन्यांत शिसें सांपडलें. सरकारनें लोकांस जाहीर इशारा दिला, व्यापाऱ्यांच्या दुकानांवर छापे घालून दंड केला, आणि २०२१ सालीं तें प्रमाण शून्यावर आलें. दोन वर्षांत एवढी सुधारणा होऊं शकते हें ऐकून आपणांस धीर यावा. आपल्याकडेहि अति झगझगीत पिंवळ्या सुट्या पुडीपेक्षां साधीं मळकट हळकुंडें घेऊन घरीं किंवा ओळखीच्या गिरणींत दळलेलीं बरीं.

(ई) भांडीं. पितळेच्या भांड्यास कल्हई शुद्ध कथलाची पाहिजे. कथील महाग म्हणून त्यांत शिसें मिसळण्याची लबाडी होते. भंगार वितळवून ओतलेल्या जर्मनच्या भांड्यांतूनहि शिसें उतरतें, असें निरनिराळ्या देशांतील भांडीं तपासून दिसून आलें आहे. चिंच, ताक, लोणचें अशा आंबट पदार्थांनीं तें अधिक सुटतें.

(उ) सुरमा, शेंदूर व पुड्या. सुरम्याचा काळा दगड बहुधा शिशाचाच असतो. शेंदूर मूळचा शिशापासून करितात. तान्ह्या मुलाच्या डोळ्यांत सुरमा घालूं नये. नांव व पत्ता नसलेल्या औषधी पुड्यांविषयींहि सावध असावें. अमेरिकेंतील बॉस्टन शहराच्या दुकानांतून घेतलेलीं ७० आयुर्वेदिक औषधें तपासलीं असतां १४ औषधांत शिसें, पारा किंवा सोमल आढळल्याचें २००४ सालीं प्रसिद्ध झालें.

एक गैरसमजहि दूर करूं. शिसपेन्सिलींत शिसें नसतें. तिची कांडी ग्राफाइट व माती यांची असते. नांव मात्र जुनें राहून गेलें आहे.

५. उपाय

अनुवादाच्या २२ व्या अध्यायांत नवें घर बांधणाऱ्यास धाब्याभोवतीं कठडा करण्याची आज्ञा आहे, म्हणजे कोणी पडून मेल्यास त्या घरावर दोष येऊं नये. आपल्या देशावरील धाब्याच्या घरांत राहणाऱ्यांस ह्या आज्ञेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. मूल पडल्यावर रडण्यापेक्षां आधीं कठडा बांधावा. पुढील उपाय म्हणजे असेच कठडे होत.

जेवणापूर्वीं व झोंपण्यापूर्वीं मुलांचे हात साबणानें धुवावे. जमीन कोरडी झाडण्याऐवजीं ओल्या फडक्यानें पुसावी किंवा सारवावी. शिशाचें, बॅटरीचें किंवा रंगाचें काम करणारानें कामाच्या जागींच हातपाय धुऊन कपडे बदलावे. ते कपडे मुलांच्या कपड्यांबरोबर धुऊं नयेत. जुना रंग घासावाच लागला तर पाण्यानें भिजवून घासावा, मुलांस व गर्भवती स्त्रियांस दूर ठेवावें, आणि निघालेला रंग गोळा करून उचलावा. जुनी बॅटरी घरीं न फोडतां नवी घेतांना दुकानदारास परत द्यावी. २०२२ च्या सरकारी नियमांप्रमाणें जुन्या बॅटऱ्या गोळा करून नोंदलेल्या कारखान्यांत पोंचविण्याची जबाबदारी बॅटरी बनविणाऱ्यांवर आहे. कल्हई डोळ्यांदेखत व विश्वासू कल्हईवाल्याकडून करून घ्यावी, आणि आंबट पदार्थ स्टीलच्या किंवा कांचेच्या भांड्यांत ठेवावे.

अन्नानेंहि रक्षण होतें. नाचणी, दूध, ताक व तीळ यांत कॅल्शियम असतें. पालेभाज्या, हरभरे व मटकी यांत लोह असतें. आंवळा किंवा लिंबू यांमुळें तें लोह अंगीं लागतें. पोट भरलेलें असलें म्हणजे शिसें कमी मुरतें, यास्तव मुलास न्याहरीवांचून शाळेंत पाठवूं नये.

शंका असल्यास जिल्ह्याच्या किंवा मोठ्या रुग्णालयांत डॉक्टरांस स्पष्ट सांगावें कीं, आमच्या घरीं शिशाचें काम होतें, रक्तांतील शिसें तपासावें. दहा वर्षांपर्यंतच्या मुलाच्या रक्तांत तें ४५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक असल्यास शिसें बाहेर काढणारें औषध द्यावें, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं ठरविलें आहे. तथापि मेंदूची झालेली हानि औषधानें सहसा भरून येत नाहीं. म्हणून शिशाची वाट बंद करणें हाच मुख्य उपाय. औषध घेऊन मूल त्याच धुळींत परत आलें तर सर्व श्रम व्यर्थ होत.

६. आणखी तीन विषें

पहिलें, चुलीचा धूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणें २०२० सालीं घरांतील धुरामुळें जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें मरण पावलीं. गॅस परवडत नसेल तर निदान धुराडें करावें, वाळलेलें सर्पण वापरावें व तान्हें मूल चुलीपासून दूर निजवावें.

दुसरें, बंद खोलींतील कोळशाची शेगडी. तिच्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायु दिसत नाहीं व त्याला वासहि नाहीं. निजलेलीं माणसें निजलेलींच राहतात. थंडींत बाळंतिणीच्या खोलींत शेगडी ठेवून दार लावूं नये.

तिसरें, पिकांवर फवारण्याचें औषध. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व मजूर मेले व शेंकडों आजारी पडले. जुलै २०१३ मध्यें बिहारच्या सारण जिल्ह्यांत शाळेंतील दुपारचें जेवण खाऊन २३ मुलें मेलीं. स्वयंपाकाच्या तेलांत मोनोक्रोटोफॉस हें कीटकनाशक होतें. म्हणून औषधाचा रिकामा डबा कितीहि चांगला दिसला तरी तेल, पाणी किंवा धान्य ठेवण्यास घेऊं नये. तो भोंक पाडून निकामी करावा. वाऱ्याच्या उलट दिशेनें किंवा उघड्या अंगानें फवारूं नये.

विंचू दिसतो म्हणून आपण चप्पल उचलतों. ही विषें दिसत नाहींत म्हणून आपण स्वस्थ बसतों. ह्या आठवड्यांत प्रत्येकानें आपल्या घरांतील एक वाट शोधून बंद करावी, आणि ज्याला वाचतां येतें त्यानें न वाचणाऱ्या एका शेजाऱ्यास हा धडा सांगावा.

चर्चेसाठीं प्रश्न

१. शिसें लहान मुलांस मोठ्यांपेक्षां अधिक कां बाधतें? तीन कारणें सांगा.
२. आईच्या हाडांतील शिसें बाळापर्यंत कसें पोंचतें?
३. झम्फारा येथील मुलें कोणत्या तीन उपायांनीं वांचलीं? त्यांपैकीं कोणता उपाय आपल्या गांवांत लागू पडेल?
४. आपल्या गांवांत बॅटऱ्या कोठें फोडतात? तें काम करणाऱ्या कुटुंबाशीं, त्यांचा अपमान न करतां, कोणत्या शब्दांनीं बोलावें?
५. आपल्या शाळेंतील मागें पडलेल्या एका मुलाचें घर पाहून या. तेथें काय आढळलें तें पुढील सभेंत, त्याचें नांव न घेतां, सांगा.